पालथा हात

सरांनी माझ्या डब्याला, छत्रीला, खुर्चीला आणि एकदा तर डोक्यावरच्या केसांनाही हात लावून पाहिला होता. नेहमी पालथा. तळहाताने त्यांनी काही तपासल्याचं मला आठवत नाही. "तळवा कामाचा गडी आहे, त्याले सारंच सवयीचं झालं," असं ते म्हणायचे. "खरं विचारायचं असन तर मागच्याले विचारा." आणि बोटांची मागची बाजू दाराच्या कड्यांना, भिंतींना, माठांना, पोरांच्या पाट्यांना टेकवत ते शाळाभर हिंडत राहायचे. काय कळलं ते कोणाला सांगायचे नाहीत. हात लावला की पुढे.

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये शिरले, डबा खिडकीत ठेवला आणि हजेरीपटावर सही करायला वाकले. मागे वळून बघते तो डबा गायब. एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ माझा डबा कपाटात आतल्या बाजूला सरकवत होते. "ऊन खाऊन राहिला होता तुमचा डबा. वरण आंबलं असतं," एवढं बोलून ते "जयभीम मॅडम" म्हणाले आणि माझं नावही न विचारता बाहेर पडले. मला राग आला. माझ्या वस्तूंना कोणी हात लावलेला मला आजही चालत नाही, तेव्हा तर मी नुकतीच नोकरीच्या भानगडीतून बाहेर पडलेली, अंगावर येणाऱ्या कोणालाही बोचकारायला तयार अशी होते.

भानगड अशी की भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझी नोकरी तिकडे राहिली आणि साकोलीचं माहेर इकडे. अर्ज करून, साहेबांच्या दारात उभी राहून कंटाळले तेव्हा कुठे इकडे परत आले, तेही साकोलीला नव्हे, पार अड्याळच्या बाजूला. राहायला जागा हवी होती. सरांच्या घरातली पुढची खोली रिकामी असल्याचं मुख्याध्यापकांनीच सांगितलं आणि सांगताना ते जरा हसले. का हसले ते खोली बघायला गेले तेव्हा कळलं. पाणी कधी येतं, किल्ली कोणाकडे असते, यातलं सरांनी काही सांगितलं नाही. कोणती भिंत किती वाजता तापते आणि पलंग कोणत्या महिन्यात कुठे सरकवायचा, हे मात्र उभ्या उभ्या समजावून सांगितलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आयक पोरी, ह्यायचं समदं आयकायचं. करायचं थोडंसं."

घर स्लॅबचं होतं, सरांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, आणि बांधल्या दिवसापासून त्यांचं त्या स्लॅबशी भांडण होतं. स्लॅब दिवसभर घेते आणि रात्रभर देते, हे त्यांना सहन होत नसे. त्यांनी तिला चुना फासला. ओली पोती पसरली. एका वर्षी धान निघाल्यावर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, वाया जाऊ नये म्हणून जपून ठेवली आणि उन्हाळ्यात तिचा जाड थर गच्चीवर अंथरला. घर खरंच जरा गार झालं. पण आयती गादी पाहून गावातली सगळी वानरं सरांच्या गच्चीवर मुक्कामाला आली. ती झोपत, उड्या मारत, तणस खाली फेकत, आणि कंटाळा आला की शेजाऱ्यांच्या घरावर उतरून कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फोडत. शेजारी भांडायला आला तेव्हा सर गच्चीच्या पायरीवरच होते.

"तुमच्याकडं कवेलू आहेत ना? रातच्याले गरम लागते का?" सरांनी त्यालाच विचारलं.

"गरम नाई लागत गुरुजी. पानी आलं का घरात पानी गळन आता," तो म्हणाला.

सरांनी तणस उतरवली, शेजाऱ्याचे कवेलू बदलून दिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोती भिजवायला घेतली. त्यांना हार माहीत नव्हती म्हणावं तर तसंही नाही. एका जागी थांबून हरायलाही त्यांना वेळ नव्हता.

उन्हाळ्यात सकाळी ऊन चढायच्या आत घराच्या सगळ्या खिडक्या बंद आणि दिवेलागणीला सगळ्या उघड्या, असा नियम होता. मी एकदा विसरून उघडी ठेवून शाळेत गेले तर हे मधल्या सुट्टीत सायकल मारत घरी जाऊन लावून आले. हिवाळ्यात उलटं. काकू चुलीपाशी बसून "थंडी येऊन राहिली, दार लोटा" म्हणाल्या की सर दार लोटायचे आणि न चुकता सांगायचे, "थंडी काही येत नसते. आपल्याजवळचं होतं ते बाहेर चाललं." काकूंनी हे लग्नापासून ऐकलेलं. त्या म्हणायच्या, "जाऊ द्या ना मंग. दार तं लोटा."

सरांना मी सलग बसलेलं बघितलं नव्हतं. स्टाफरूममध्ये ते दर तासाला खुर्ची बदलायचे, ऊन सरकेल तसे. जेवताना ताट हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारायचे, कारण गरम भात फिरता फिरता खाण्याजोगा होतो. मुख्याध्यापक मीटिंग घेत असले की हे उठून पंख्याचा वेग बघत, खिडकी अर्धी लोटत, माठाला हात लावत, परत येऊन दुसऱ्याच खुर्चीत टेकत. त्यांच्याकडे बघूनच दम लागायचा. मी मराठी शिकवते. "माझे आवडते शिक्षक" हा निबंध सातवीला दिला तेव्हा एका मुलीने सरांवर लिहिलं. त्यातलं एक वाक्य मी विसरलेले नाही: "सर हात लावतात आणि निघून जातात." मी तिला त्या वाक्याचे पैकीच्या पैकी गुण दिले.

विज्ञान शिकवायचे मात्र असे की शेजारच्या वर्गात मी माझा धडा थांबवून ऐकावं. पोरांना बाकाच्या लोखंडी पायाला आणि लाकडी फळीला हात लावायला सांगायचे. थंड काय, असं विचारलं की सगळी पोरं ओरडायची, "लोखंड". मग सर हसायचे. "दोघंही सारखेच आहेत. एकाच खोलीत रात काढली दोघांनी. लोखंड तुमच्या हाताचं चटकन उचलून नेते, लाकूड आळशी आहे, एवढंच." मग फळ्यावर काहीही न लिहिता वर्गात फिरत फिरत सांगायचे, "ज्याच्याजवळ जास्त आहे ते देते. ज्याच्याजवळ कमी आहे ते घेते. दोघं सारखे होईपर्यंत हे थांबत नाही. याच्यात कोणाची जात पाहत नाही, कोणाचं घर पाहत नाही." शेवटचं वाक्य ते नेहमी जरा हळू म्हणायचे. त्यांचे वडील गावातल्या दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबलेले होते आणि धर्मांतरानंतर शिकलेली त्या घरातली पहिली पिढी म्हणजे सर, हे मला काकूंकडून कळलं होतं. स्वतः ते यावर कधी बोलले नाहीत. बोलायला थांबावं लागतं.

लग्नसमारंभाला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. पवनीला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, ऐन मे महिन्यात, भरदुपारी. नवरदेव थ्री-पीस सुटात, वर शेला, वर हार. आम्ही आहेर करायला स्टेजवर चढलो. सरांनी नवरदेवाच्या हातात पाकीट दिलं आणि दुसरा हात पालथा करून त्याच्या कपाळाला लावला. सगळे बघतच राहिले.

"याचा कोट काढा," सर नवरदेवाच्या आईला म्हणाले.

"असं कसं काढा गुरुजी? फोटो निघून राहिले," ती माउली म्हणाली.

"फोटोत उभा राहिला पायजे ना तो?"

मी सरांना जवळजवळ ओढत खाली आणलं. पंगतीत पहिला वरण-भात पडतो न पडतो तोच स्टेजवर गलका झाला. नवरदेव बसल्या जागी कलंडला होता. त्याचा कोट काढून, डोक्यावर पाणी मारून त्याला आणलं शुद्धीवर. मला वाटलं सर आता तरी "बघा" म्हणतील. ते तोवर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, आचाऱ्याशी कढईबद्दल काहीतरी बोलत होते.

पुढे काही वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात पाहुणे त्यांच्या गुणांवर रंगात आलेले असताना सत्कारमूर्ती खुर्चीवर नव्हते. पाहुण्यांच्या गाडीची सीट तापू नये म्हणून ते गाडी सावलीत लावून घ्यायला गेले होते. ड्रायव्हर डुलक्या घेत होता, त्याला उठवून.

अशा माणसावर चिडणं फार सोपं असतं. मी बरीच वर्षं चिडले. माझं ते सुटलं ते त्यांच्या घरी नात आली त्या उन्हाळ्यात.

सरांचा एकुलता मुलगा सैन्यात होता, दूर सीमेवर. सून इथे सासू-सासऱ्यांपाशी. लाखांदूरकडची, बीए झालेली, कमी बोलणारी. त्या घरात सरांचं बोलणं मनापासून ऐकणारी ती एकटी. काकू ऐकून सोडून द्यायच्या, मी कुरकुर करायची, ती मात्र "बाबा म्हणतात तसं" म्हणत खिडक्या वेळेवर लावायची आणि मातीचा माठ रोज ओल्या रेतीत फिरवून ठेवायची. सरांना तिचं फार कौतुक. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. जायचा दिवसही ठरला होता. पण आठवा महिना पुरा व्हायच्या आधीच कळा आल्या आणि भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात मुलगी झाली. वजन कमी, पण दूध ओढते, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी काही दिवसांनी मायलेकींना घरी पाठवलं.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला होता. त्या दिवसांत आमच्याकडे पत्र्याच्या दाराला हात लावला तर फोड येतो. नात घरी यायच्या आधी सरांनी उत्तरेकडची खोली रिकामी केली. खिडकीत कूलर बसवला, त्याला नव्या खसच्या ताट्या लावल्या, दारावर ओली चादर टांगली. चारही भिंतींना, फरशीला, बाजेच्या दोरीला पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला. बाहेर सूर्य आग ओकत होता आणि त्या खोलीत पाऊल ठेवलं की अंगावर शहारा यायचा. सरांचा चेहरा काय फुलला होता. आयुष्यभर जे भांडण ते हरत आले होते ते त्या एका खोलीपुरतं तरी त्यांनी जिंकलं होतं आणि तेही नातीसाठी.

गावातल्या निम्म्या लेकरांची नाळ कापलेली एक म्हातारी शेजारी राहायची. ती संध्याकाळी मातीच्या शेगडीत इस्तो, म्हणजे निखारे, फुलवून घेऊन आली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, ही इकडची रीत. सर दारात आडवे उभे राहिले.

"आजी, बाहेर आग लागली आहे. घरात कायले आणखी?"

"लेकरू लय बारीक आहे गुरुजी."

"म्हणूनच तं थंडं केलं."

म्हातारी पुटपुटत शेगडी घेऊन परत गेली. काकू आपल्या कामाला लागल्या. नवऱ्याच्या गरम-थंडाच्या गोष्टींत पडायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "बाबा, हिचे पाय थंडे लागून राहिले." सर लगेच आले. पालथा हात बाळाच्या कपाळाला लावला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "बरोबर आहे माय. लहान लेकराचे पाय राहतेच थंडे." आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेले. तिने पुन्हा एकदा तेच मला सांगितलं. मीही हात लावून पाहिला. त्या दिवसांत हाताला गार काही लागलं की बरंच वाटायचं, गार म्हणजे चांगलं एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक. तिचा सासऱ्यावर विश्वास होता. तिने बाळाला आणखी एक दुपटं गुंडाळलं आणि गप्प बसली.

दुपारी बाळ दूध ओढेना. रडेही ना. काकूंनी उचललं तर मान, हात, सगळं लुळं. शेजाऱ्यांची जीप काढली आणि आम्ही भंडाऱ्याकडे निघालो. जीपमध्ये भट्टीसारखी हवा येत होती, आमची अंगं घामाने थबथबलेली, आणि काकूंच्या मांडीवर ते लेकरू गार पडत चाललं होतं. सर पुढे बसले होते. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाचे तळपाय चाचपले. लगेच त्याला आत काचेच्या पेटीत नेलं. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन विचारलं, "खोलीत कूलर होता?"

सर म्हणाले, "मी लावलो. शेगडी येत होती, तेही मीच येऊ देलो नाई."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "उन्हाळा तुम्हाआम्हाला आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "हिच्या अंगावर चरबीच नाही. हिची ऊब हिच्याजवळ टिकत नाही, हवेत निघून जाते. अजून उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं. आताही मी खात्री देत नाही."

सून भिंतीला टेकून उभी होती. तिने सासऱ्याकडे पाहिलं. "बाबा, मी सांगितलो होतो पाय थंडे आहेत म्हणून," एवढंच म्हणाली. मग नर्सकडे वळून म्हणाली, "सिस्टर, ह्यायले माह्या पोरीले हात लावू देऊ नका."

सर बाहेर गेले. दवाखान्याच्या आवारात एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत उभं राहायचं सोडून ते सावलीबाहेर उन्हात, उघड्या डोक्याने, झाडाभोवती फेऱ्या मारत राहिले. मी त्यांना दोनदा आत आणलं, दोनदा ते परत गेले. हात त्यांनी पाठीमागे बांधून घेतले होते. त्या दिवसापासून मी त्यांना कशालाच पालथा हात लावताना पाहिलं नाही, ना भिंतीला, ना दाराच्या कडीला. पाण्याचा ग्लास दिला तरी ते ग्लासाकडे बघत आणि मग दांडी धरावी तसा काठाला धरत.

त्यात सुनेचे बाळंतपणातले टाके पिकले. तिला ताप भरला आणि तिलाही दवाखान्यात ठेवून घेतलं. काकू तिच्यापाशी. शाळेला सुट्ट्या होत्या, त्यामुळे मी येऊन-जाऊन. मुलाला कळवलं होतं, पण तिकडून सुट्टी मिळून घरी पोचायला वेळ लागणार होता. काही दिवसांनी बाळ पेटीतून बाहेर काढण्याजोगं झालं. नर्स म्हणाली, आता हिला माणसाची ऊब पाहिजे. कपड्यावरून नाही, उघड्या छातीला लावून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जितकं जमेल तितकं. आईला ताप, तिच्या जखमेत पू, ती नको. काकूंच्या गळ्या-छातीवर घामोळ्यांनी रान मांडलेलं, त्याही नको. माझ्याकडे पाहिलं तर मला सटासट शिंका येत होत्या, सरांच्याच कूलरने झालेली सर्दी.

"आजोबा आहेत ना बाहेर?" नर्सने विचारलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली. शेवटी नर्स सुनेच्या खाटेपाशी गेली आणि तिला सरळ विचारलं. सून छताकडे बघत बराच वेळ पडून राहिली.

"त्यायले बसता येत नाई," ती म्हणाली.

"बसतील."

"नाई बसले तं?"

"तर मी घेईन. पण मला बाकीची लेकरंही पाहायची आहेत, बाई."

सुनेने समोरच्या दाराकडे मान वळवली. मग म्हणाली, "समोरच्या खोलीत दारापाशी बसवा. मले दिसन असं."

सरांना बोलावून आणलं. नर्सने त्यांना शर्ट काढायला लावला, छाती साबणाने धुवायला लावली. बरगड्या मोजाव्यात अशी छाती आणि तिच्यावर पांढरे केस. खोलीत पंखा बंद, वाऱ्याची झुळूक नको म्हणून खिडक्या बंद. सवयीने त्यांची नजर खिडकीवर गेली, पण त्यांनी ती वळवली. टोपी आणि लंगोट एवढ्यावर असलेलं ते बाळ नर्सने त्यांच्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखे पाय दुमडून, आणि वरून सरांचाच खांद्यावरचा दुपट्टा घट्ट गुंडाळून गाठ मारली. "हलायचं नाही," ती म्हणाली. सरांनी मान हलवली आणि मग आपण हललो म्हणून घाबरले.

पहिला अर्धा तास त्यांचा उजवा पाय थरथर हलत होता. नर्स जाता-येता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची, पाय थांबायचा, ती गेली की पुन्हा सुरू. नंतर पाय थांबला आणि अंगठे हलायला लागले. मग तेही थांबले. फक्त डोळे फिरत राहिले, दाराकडून भिंतीकडे, भिंतीकडून छातीवरच्या त्या गाठोड्याकडे. घाम मानेवरून, बगलेतून ओघळत होता. त्या बंद खोलीत मला पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं. मी नाकातोंडाला रुमाल बांधून दारात बसले होते, त्यांनी मला डोळ्यांनी जवळ बोलावलं.

"मॅडम, हिचे पाय पाहा."

"तुम्हीच बघा की सर."

"नाई. माह्या हाताचा मले भरोसा नाई आता."

मी हात धुऊन आले, दुपट्ट्यात घातला, ते बोटभर तळवे शोधले. सर श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसे आहेत?"

"मघापेक्षा बरे."

"माह्याकडून जाऊन राहिलं का तिच्याकडं?"

"जातंय सर."

मग फार हळू म्हणाले, "माह्याजवळ पुरन ना, पोरी?"

आत्तापर्यंत मी त्यांची "मॅडम" होते. मला रडू आलं. एवढा जन्म ज्यांनी पोरांना जास्त कोणाकडे आणि कमी कोणाकडे हे शिकवण्यात घालवला, ते मला विचारत होते. मी म्हटलं, पुरेल, भरपूर आहे तुमच्याकडे. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. "मी भिंती पाहलो, छत पाहलो," ते स्वतःशीच म्हणाले. "ताट्या दहा खेप पाहलो. पोरीचे पाय नाई पाहलो."

त्यानंतर रोज हेच. सकाळी ते आंघोळ करून यायचे, दारापाशी त्या खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळपर्यंत बसून राहायचे. दूध पाजायला, लंगोट बदलायला नर्स बाळाला घेई तेवढ्यात ते दोन घास खाऊन येत. पुन्हा खुर्ची. येणारे-जाणारे बघायचे, काही हसायचे. उघड्या अंगाचा म्हातारा, पोटाला लेकरू बांधून, घामाने न्हालेला. मी त्यांना वही घेऊन वारा घालायला गेले तर डोळ्यांनीच "नको" म्हणाले.

समोरच्या खाटेवरून सून त्यांच्याकडे बघत असायची. मी कधीही मान वळवली तरी तिचे डोळे तिथेच. ताप चढलेला असतानाही ती उशीवर मान अशी ठेवायची की दार दिसावं. दिवसा डुलकी लागली तरी दचकून उठायची आणि आधी समोर बघायची. सासऱ्याशी ती बोलत नव्हती. काकू वैतागून म्हणायच्या, "निज ना व माय. तुह्या डोयानं का ऊब जाऊन राहिली तिच्याकडं?" पण ती मिटत नसे डोळे. तिचं बरोबर होतं. एकदा विश्वास टाकून बघितला होता तिने.

बाळाचं वजन वाढायला लागलं. आधी किंचित, मग दिसेल असं. एका दुपारी सुनेचा ताप पूर्ण उतरला. डॉक्टरीणबाईंनी तिची जखम पाहिली आणि म्हणाल्या, आता आईने घ्यायला हरकत नाही. काकू चहा आणायला खाली गेल्या होत्या. सून हळूच उठली. डोक्यावर ओढणी घेतली आणि भिंत धरत, एकेक पाऊल टाकत समोरच्या खोलीच्या दारात आली.

सरांनी तिला पाहिलं आणि ते गडबडले. बोटं गाठ शोधायला लागली. "घे माय, घे," ते म्हणाले, "तुहीच आहे." गाठ घामाने भिजून घट्ट बसली होती, सुटेना. कपाळावरचा घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि एक हात बाळाखाली, एक हात गाठीत, त्यामुळे पुसायला हात नव्हता. ते नुसते डोळ्यांची उघडझाप करत होते. मी पुढे होणार होते, पण ती आधीच त्यांच्यापाशी पोचली होती.

तिने दुपट्ट्यात हात घातला. मुलीची पाठ चाचपली, पाय चाचपले, हात तिथेच ठेवून ती उभी राहिली. मग तिने डोक्यावरची ओढणी ओढून काढली. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तिला सासऱ्यापुढे उघड्या डोक्याने मी पाहिलं नव्हतं. त्या ओढणीच्या पदराने तिने सरांचं कपाळ पुसलं, मग एकेक डोळा, मग मान. सरांनी डोळे मिटून घेतले.

"गाठ सोडू नका, बाबा," ती म्हणाली. "घंटाभर अजून घ्या. मी निजतो थोडी."

ती परत खाटेपाशी गेली, भिंतीला धरून, हळूहळू. आडवी झाली. काकू चहा घेऊन वर आल्या, तिला हाक मारली, खांद्याला हलवलं. तिला गाढ झोप लागली होती.